नामसाम्य आणि व्यक्तिनिश्चिती

अव्वल इंग्रजी कालखंडावरील प्रबंधांत ग्रंथकाराच्या चरित्राचे प्रकरण बहुधा पहिले असते आणि बहुधा तेच सर्वांत कमी तपासले जाते. मुखपृष्ठावरील नाव एखाद्या कुलवृत्तांतात किंवा सरकारी अहवालात आढळले, की दोन्ही नोंदी एकाच व्यक्तीच्या असे गृहीत धरून अभ्यासक पुढे जातो. माझ्या मते हे गृहीतक उलटे करावयास हवे. नावाखेरीज किमान दोन स्वतंत्र पुरावे हाती येईपर्यंत त्या व्यक्ती भिन्न आहेत असेच मानून चालावे. वेगळ्या ठेवलेल्या नोंदी पुढे पुरावा मिळाल्यास एकत्र करता येतात. एकदा एकत्र केलेल्या चरित्रातून कोणती कृती कोणाची हे निवडून काढणे मात्र अशक्यप्राय होते.

मराठी घराण्यांच्या बाबतीत हा धोका अधिक आहे. आजोबांचे नाव नातवाला ठेवण्याच्या प्रथेमुळे एकाच घराण्यात एकाआड एक पिढीत तेच नाव येते. दत्तकविधानाने पित्याचे नाव बदलते. वतनामुळे आडनाव बदलते; लोकहितवादींचे घराणे मूळचे सिद्धये, देशमुख झाले ते देशमुखीच्या वतनाने. घरगुती संबोधनांचा घोटाळा तर निराळाच. 'प्रभाकर'कर्ते भाऊ महाजन म्हणजे गोविंद विठ्ठल कुंटे आणि डॉक्टर भाऊ दाजी म्हणजे रामकृष्ण विठ्ठल लाड. दोघेही मुंबईच्या सार्वजनिक जीवनातले, दोघेही 'भाऊ', आणि दोघांच्याही वडिलांचे नाव विठ्ठल!

तर्खडकर बंधूंचे उदाहरण याहून बोलके आहे. दादोबा, भास्कर आणि आत्माराम हे तिघेही 'पांडुरंग' असेच लिहीत. इंग्रजी सूचींनी या पितृनामालाच आडनाव मानले. आत्मारामांची कन्या अन्नपूर्णा हिचे आडनाव मात्र इंग्रजी लेखनात 'तर्खड' असे येते. परिणामी चुलते आणि पुतणी सूचीत एकमेकांपासून दूर पडतात. १८४१ मध्ये 'बॉम्बे गॅझेट'मध्ये 'ए हिंदू' या सहीने ब्रिटिश राजवटीची कठोर चिकित्सा करणारी पत्रे आली. जे. व्ही. नाईक यांनी अभ्यासकांपुढे आणलेली ही पत्रे भास्कर पांडुरंगांची मानली जातात. 'तर्खडकरांचे विचार' अशा मोघम शीर्षकाखाली ती व्याकरणकार दादोबांच्या लेखनाशेजारी ठेवली, की सरकारी सेवेत राहून रावबहादुर झालेला थोरला भाऊ आणि त्याच सरकारवर लूटमारीचा आरोप करणारा धाकटा भाऊ यांच्यातील अंतरच पुसले जाते. आपल्या वैचारिक इतिहासातला हा एक महत्त्वाचा ताण त्यामुळे हातचा जातो.

नामसाम्याचा दोष केवळ मराठी नामपद्धतीचा आहे असेही नाही. १८३१ च्या मराठी-इंग्रजी कोशात मोल्सवर्थ यांचे साहाय्यक म्हणून थॉमस आणि जॉर्ज अशा दोन कँडींची नावे आहेत. हे जुळे भाऊ. आडनाव एक, वय एक, दोघेही कंपनीच्या लष्करात आणि दोघेही एकाच कोशाच्या कामावर. आपल्या वाङ्मयेतिहासाच्या स्मरणात मात्र 'मेजर कँडी' एकटेच उरले : पुण्याच्या पाठशाळेवर देखरेख करणारे, १८४७ चा इंग्रजी-मराठी कोश पूर्ण करणारे, विरामचिन्हे रूढ करणारे. हे थॉमस. जॉर्ज लष्कर सोडून धर्मोपदेशक झाले आणि कोशाच्या इतिहासातून जवळजवळ नाहीसे झाले. पुढील काळातील कागदांत 'रेव्हरंड' हे उपपद आणि मुंबई की पुणे हे स्थळ पाहून दोघांना वेगळे करता येते. १८३१ पूर्वीच्या नोंदीत नुसते 'कँडी' असेल, तर ती कोणाचीही असू शकते. 'मोल्सवर्थ-कँडी' हे जोडनाव उच्चारताना त्यातील कँडी कोणता, हा प्रश्न आपल्या विद्यार्थ्यांना पडतच नाही.

स्त्रियांच्या बाबतीत अडचण नेमकी उलट आहे. तेथे एका व्यक्तीच्या दोन व्यक्ती होतात. माहेरच्या कुलवृत्तांतात कन्येचा उल्लेख झालाच तर एका नावाने, सासरच्या कुलवृत्तांतात दुसऱ्याच नावाने. आनंदीबाई जोशी आणि रमाबाई रानडे या दोघींचेही माहेरचे नाव यमुना. त्यातही आनंदीबाईंचे माहेर जोशीच. म्हणजे आडनाव तेच राहिले आणि व्यक्तिनामच बदलले. अशा ठिकाणी माहेरचे गाव, पित्याचे नाव आणि विवाहाचे वर्ष यांचाच आधार घ्यावा लागतो.

हे पुरावे कोठे शोधावेत? नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यात्रेकरूचे गाव, आप्त आणि पुष्कळदा हस्ताक्षरही मिळते. आपले वाङ्मयाचे संशोधक तिकडे क्वचितच वळतात. इनाम कमिशनपुढे आलेल्या वंशावळी विपुल आहेत, परंतु त्या हक्क शाबीत करण्यासाठी रचलेल्या आहेत. तेथील दत्तकाची नोंद दुसऱ्या साधनाशी ताडून पाहिल्याशिवाय स्वीकारू नये. अर्थात मोडी वाचता येत नसेल तर हे सारे बोलणे व्यर्थ आहे.

एवढे करूनही काही व्यक्तींची निश्चिती होणार नाही. 'या दोन नोंदी एकाच व्यक्तीच्या आहेत असे म्हणण्यास पुरावा अपुरा आहे' असे वाक्य प्रबंधात आले, की मौखिक परीक्षेत ते विद्यार्थ्याचे अपुरेपण ठरते असा अनुभव आहे. परीक्षकांनी त्या वाक्यामागची तपासणी पाहावी आणि ती पुरेशी असेल तर तेवढ्यापुरते प्रकरण पूर्ण झाले असे मानावे.