झोपायलाच तर जायचंय!

मुंबईत राहायची सोय बघायची वेळ आली की आमच्या घरात हे वाक्य ठरलेलं. "अरे, झोपायलाच तर जायचंय! मोबाइलवर स्वस्तात स्वस्त दिसेल ते घे आणि मोकळा हो." मावसभाऊ म्हणतो, बायको म्हणते, आता तर मुलगीही म्हणायला लागलीये. मंडळी, माझं या वाक्याशी जुनं भांडण आहे. आज ते जाहीरपणे भांडून टाकतो.

गेल्या पावसाळ्यात मी शहाण्यासारखं सगळ्यांचं ऐकलं. फोटोत पांढरीशुभ्र चादर, छानसा पडदा. महालक्ष्मीने रात्रभर प्रवास करून सकाळी पोचलो, खोलीत शिरलो, उजेड यावा म्हणून पडदा सरकवला... तर मागे भिंत! खिडकी नव्हतीच. नुसत्या भिंतीला पडदा लावलेला. समोर आयफेल टॉवरचं चित्र. म्हणजे मुंबईत येऊन मला पॅरिस दिसत होतं आणि बाहेर पाऊस पडतोय का, ते बघायला फोन उघडावा लागत होता. काउंटरवरच्या पोराला विचारलं तर म्हणे, "सर, सगळ्या रूम सेमच आहेत."

त्या बिचाऱ्याचा काय दोष? पण खरं दुखणं तो बोलून गेला. सगळ्या सेमच आहेत. नागपुरात, पुण्यात, इंदुरात, सगळीकडे तीच चादर आणि तोच पडदा.

मी काही राजवाडा मागत नाही हो. फोर्टात आणि कुलाब्यात जुन्या इमारतींमधे वरच्या मजल्यांवर थाटलेल्या लॉजमधे मी बऱ्याचदा उतरलोय. जाळीच्या दारांची लिफ्ट, दोन्ही दारं नीट ओढल्याशिवाय जागची न हलणारी. उंच छत, लांब दांड्याचा पंखा, लाकडी जिना. काउंटरवर जाडजूड रजिस्टर आणि त्यामागे स्वतः मालक. "पाणी सकाळी सहा ते नऊ. आणि परत येताना खालचा इडलीवाला सोडू नका." ही माहिती कुठल्या फोटोत असते? खोलीला चेहरा येतो तो अशा माणसांमुळे. भिंतीवर जुन्या ट्रामचं चित्र टांगून तो येत नाही.

आणि 'लॉज' म्हटलं की नाक मुरडणाऱ्या नातेवाईकांना (हो, तुम्हालाच!) एक आठवण करून देतो. क्रॉफर्ड मार्केटजवळचं सरदारगृह. लोकमान्य मुंबईला आले की तिथे उतरायचे, आणि १ ऑगस्ट १९२० ला ते गेले तेही तिथेच. म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाचा शेवटचा मुक्काम उतारूंच्या जागेत होता. मुक्कामाची जागा म्हणजे पाठ टेकायची फळी, एवढंच तेव्हा कुणी मानत नव्हतं. तिथे माणसं भेटत, मसलती होत.

आता तुमची बाजूही मांडतो, नाहीतर म्हणाल एकतर्फी लिहितो. जुन्या लॉजमधे संडास कधीकधी सामायिक असतो. प्लायवूडच्या पार्टिशनपलीकडचा माणूस घोरला की आपलीही झोप जाते. एकट्या बाईला खोली द्यायला काही ठिकाणी खळखळ करतात, ती मला मुळीच मान्य नाही. आगीच्या वेळी उतरायला दुसरा जिना नसेल तर तिथे राहूच नये, मग लाकूडकाम कितीही देखणं असो. पण खिडकी नसलेल्या नव्या खोलीला हे प्रश्न आपण विचारतो का? नाही. तिथे चादर पांढरी असली की सगळं माफ!

शिवाय या जागांचं गणित नाजूक आहे. दिवसाला हजार रुपयांपर्यंतच्या खोल्यांना पूर्वी जीएसटी माफ होता. १८ जुलै २०२२ पासून त्यांच्यावरही १२ टक्के बसला, आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ५ टक्क्यांवर आला. त्यात मोबाइलवरून गिऱ्हाईक आलं की मधल्याचं कमिशन वेगळं. लहान मालक शेवटी कंटाळतो, पाटी कुणाच्यातरी हवाली करतो, आणि मग खिडकीत प्लाय ठोकून एका खोलीच्या दोन होतात.

म्हणून माझी पद्धत सांगतो. पहिल्या रात्रीपुरतं काहीतरी ठरवून जा. सकाळी बॅग तिथेच ठेवून सीएसएमटी ते कुलाबा पायी फिरा आणि वर बघत चाला. लॉजच्या पाट्या दुसऱ्या-तिसऱ्या मजल्यावर असतात. जिना चढा, खोली दाखवा म्हणा. खिडकी उघडून बघा, नळ सोडून बघा, दाराची कडी लावून बघा, दुसरा जिना विचारा, रात्री दार किती वाजता बंद होतं तेही विचारा. आवडली तर मालकाचा नंबर घ्या आणि पुढच्या वेळी थेट त्यालाच फोन करा. तासाभराचं काम आहे.

झोपायलाच जायचंय, कबूल. पण सकाळी उठायचंही असतं ना? उठल्यावर खिडकीतून समोरच्या गॅलरीत वाळत घातलेले कपडे, खालचा पाववाला, पावसाची तिरीप दिसली, तर आपण मुंबईत आहोत हे कुणी सांगावं लागत नाही. तेवढ्यासाठी मी सामायिक संडासाची रांगही सोसेन.

असो. मावसभाऊ पुढच्या महिन्यात मुंबईला निघालाय. त्याला एक नंबर दिलाय. करतो का फोन, बघू!