मांडव कुणाच्या मापाचा?

इंदूरहून एका वाचक भगिनीचं पत्र आलं आहे. पत्र मांडवाबद्दल आहे, पण वाचता वाचता लक्षात येतं की त्यात सबंध घर आलं आहे. माहेर कोकणातलं, त्यामुळे परसात पडवळ-दोडक्याचा मांडव आणि बांबूची वई दिसल्याशिवाय पावसाळा आला असं त्यांना वाटत नाही. सासरी घरामागे तीसएक फूट लांबीचं मोकळं अंगण आहे. यजमान म्हणतात, "वेल्डरला बोलावू, दोन दिवसांत लोखंडी कमान आणि जाळी उभी करून देईल." मुलगी नववीत, मुलगा पाचवीत, सुटीत दोघंही दुपारभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसतात. सासरे ७२ वर्षांचे, निवृत्त. फूटभर जागेवरून शेजाऱ्यांशी त्यांचं बोलणं तीन वर्षांपासून बंद आहे. "सगळ्यांनी मिळून हे करावं अशी फार इच्छा आहे," असं त्या लिहितात, "पण विषय काढला की घरात हसतात. आणि खरं सांगू का, शेवटी खणलेले खड्डे तसेच राहतील आणि ते निस्तरायला मी एकटी उरेन, अशी भीतीही वाटते."

भीती रास्त आहे. घरच्यांनी मिळून करायची कामं पहिल्या रविवारी झोकात सुरू होतात, दुसऱ्या रविवारी कुणाची तरी पाठ दुखते आणि तिसऱ्या रविवारी क्रिकेटचा सामना असतो. याचं कारण आळस हेच असतं असं नाही. बहुतेक वेळा काम एकाच्या डोक्यातलं असतं आणि बाकीचे नुसते मदतनीस असतात. "जरा हे धर," "ते आण," "चहा कर." असं सांगितलेलं काम कुणालाही दोन तासांपलीकडे गोड वाटत नाही.

तेव्हा आधी एक गोष्ट ठरवा. रोज सकाळी त्या मांडवाखाली उभं राहून भाजी कोण तोडणार? ज्या तोडणार, मांडव त्यांच्या मापाचा. हे इतकं साधं आहे, तरी दहापैकी आठ घरांत मांडवाची उंची ठरवतो मिस्त्री किंवा घरातला सर्वात उंच पुरुष. मग आठ फुटांवरचे दोडके जून होऊन वाळतात आणि बाई स्टुलावर चढून काठीनं ओढत बसते. भगिनी, आपण अंगणात उभ्या राहा, हात सरळ वर करा आणि मनगटापर्यंतची उंची मुलीला मोजू द्या. पाच फूट उंचीच्या बाईसाठी ती साधारण सहा फुटांच्या आसपास भरेल. मांडव साडेसहा फुटांवर घ्या. फळं खाली लोंबतात, शिवाय भर पावसात वेलींच्या भारानं मांडव चार बोटं खाली येतो. यजमानांचं डोकंही आपटणार नाही.

आता यजमानांचं लोखंड. त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेऊ नका, कारण अर्धं बरोबर आहे. बांबूचा पाय मातीत पुरला की तो एक ते तीन वर्षांत कुजतो किंवा वाळवी त्याला खाते. डांबर फासलं तर थोडे दिवस वाढतात, इतकंच. उलट सगळाच मांडव लोखंडाचा केला तर मे महिन्यात त्याला हात लावला तरी चटका बसतो, खर्च वाढतो आणि मुलांना हात घालायला काही उरत नाही. तेव्हा पाय लोखंडाचे आणि अंग बांबूचं, हा दोघांच्याही मनासारखा मार्ग आहे. वेल्डरकडून साडेतीन फुटी अँगलचे तुकडे कापून, कडा घासून आणि रंग लावून आणा. दोन फूट जमिनीत, दीड फूट वर. अँगलच्या खोबणीत बांबू उभा करायचा, त्याच्या बुडाखाली विटेचा किंवा फरशीचा तुकडा ठेवायचा म्हणजे तो मातीला टेकत नाही, आणि जस्ती तारेनं दोन ठिकाणी आवळायचं. चार वर्षांनी बांबू बदलावा लागला तर तार सोडायची, नवा उभा करायचा. खड्डा पुन्हा खणायला नको. दहा फूट बाय सहा फुटांच्या मांडवाला असे सहा पाय लागतील. तीस फुटांच्या कुंपणाला सहा-सहा फुटांवर एक, म्हणजे आणखी सहा. चारही कोपऱ्यांना तिरका आधार द्यायला विसरू नका. वादळात मांडव पडतो तो बहुधा भारानं नाही, आडव्या वाऱ्यानं.

इंदूरकरांना एक सांगायलाच हवं. माळव्याची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. या मातीत नुसता खांब पुरून तीच माती परत लोटली, तर एका पावसाळ्यात खांब कलतो. खड्डा अडीच फूट घ्या, तळाला सहा इंच खडी घाला, अँगल उभा करून भोवती मुरूम आणि खडी पहारीनं ठोकून भरा. वर जमिनीपेक्षा चार बोटं उंचवटा ठेवा म्हणजे बुडाशी पाणी साचणार नाही. विदर्भ-मराठवाड्यातल्या काळ्या रानातही हेच. कोकणात किंवा गोव्यात जांभ्यावर घर असेल तर प्रश्न उलटा असतो: खड्डा खणणंच जिवावर येतं, पण एकदा बसलेला खांब हलत नाही.

आखणी मुलांकडे द्या. द्या म्हणजे खरोखर द्या. मागे उभं राहून सूचना करू नका. नववीतल्या मुलीनं पायथागोरसचा सिद्धांत वहीत लिहिलेला असतो, तो अंगणात उतरलेला तिनं पाहिलेला नसतो. कोपऱ्यातून एका बाजूला तीन फुटांवर खुंटी, दुसऱ्या बाजूला चार फुटांवर खुंटी. दोन खुंट्यांमधलं अंतर बरोबर पाच फूट आलं की कोपरा काटकोनात आहे. गवंडी हे रोज करतात, त्याला ते सिद्धांत म्हणत नाहीत. मग दोरीवरून फक्की टाकायची. खांबांचे माथे एका पातळीत आणायला पारदर्शक प्लास्टिकची लांब नळी पाण्यानं भरून घ्या, आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. एक टोक आजोबांच्या हातात, दुसरं नातवाच्या. दोन्ही टोकांना पाणी एकाच उंचीवर थांबतं. "आजोबा, तुमच्याकडे दोन बोटं खाली आहे," असं पाचवीतलं पोर ओरडून सांगेल तेव्हा मोबाइल कुठे ठेवला होता हे त्याच्या लक्षातही नसेल, असं मी मुळीच म्हणणार नाही. पण अर्धा तास तरी नक्की जाईल.

बांबू घेताना पिवळट झालेला, जड आणि टणक घ्या. हिरवागार, कोवळा बांबू वाळताना आक्रसतो आणि त्यातल्या पिठूळ अंशामुळे भुंगा लवकर लागतो. खाली बारीक पिठासारखा भुसा पडू लागला की समजावं. पावसाळ्यात तोडलेल्या बांबूला हा त्रास जास्त. अमावास्येला तोडावा की नाही हे राहू द्या, पण पावसाळा संपल्यावर तोडावा हे जुन्या लोकांचं म्हणणं खरं आहे. भरीव मानवेल मिळाला तर उत्तम. सिंधुदुर्गाकडे माणगा मिळतो, तोही भरीव आणि बिनकाट्यांचा. बोरिक-बोरॅक्सच्या पाण्यात बुडवून प्रक्रिया केलेला बांबू घरात छान टिकतो, पण ती औषधं उघड्यावर पावसानं धुपून जातात, तेव्हा मांडवासाठी त्याचे जादा पैसे मोजण्यात फारसा अर्थ नाही. आणि जळकं ऑइल मात्र फासू नका. ते त्याच मातीत उतरतं जिथून आपण भाजी तोडणार. वर्षातून एकदा जवसाचं तेल पुरे.

पूर्वी बांबू नेता-आणताना वाहतूक परवान्याची भानगड असे, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू हे 'झाड' होतं. २०१७ मधल्या दुरुस्तीनं वनाबाहेर वाढलेला बांबू त्या व्याख्येतून काढला. तेव्हा गावाकडे स्वतःच्या बेटातला बांबू असेल तर आजोबांनी आठवण काढायला हरकत नाही.

कामट्या चिरणं हे घरी करायचं काम नव्हे. बुरूड कारागिराला अर्ध्या दिवसाची मजुरी देऊन अंगणातच बोलवा. कोयता गाठीवर कसा बसतो आणि बांबू एका रेषेत कसा उलगडतो, हे मुलांनी समोर बसून पाहावं. करवत मात्र मुलीच्या हातात द्या. "मुलगी आहे, लागेल," असं कुणी म्हटलं तर विचारा की विळीवर ती रोज काय करते? बारीक दातांची लोखंड कापायची करवत, हातमोजे, पायांत बूट, आणि कापायच्या जागी चिकटपट्टी गुंडाळलेली, म्हणजे बांबू फाटत नाही आणि कूस जात नाही. कापायचं ते नेहमी गाठीच्या लगेच वर. हा नियम दिसण्यासाठी नाही. मधेच कापलेल्या बांबूचं तोंड वर राहिलं की ती पेल्यासारखी पोकळी होते, पावसाचं पाणी साचतं, आणि डेंग्यू पसरवणाऱ्या डासाला अंडी घालायला एवढं पाणी भरपूर. पोकळी राहिलीच तर ती वाळूनं भरून वरून सिमेंट लावा.

बांधणी काथ्यानं. काथ्या तासभर भिजवला की मऊ पडतो, हाताला कमी कापतो. स्काउट-गाइडमध्ये गेलेलं कुणी घरात असेल तर चौकोनी बांधणी त्याच्याकडून सगळ्यांनी शिकावी. वर फूटफूट अंतरावर कामट्यांची जाळी केली की मांडव तयार. बंगालमध्ये याला माचा म्हणतात, केरळात पंदल. रचना सगळीकडे एकच.

आता कुंपण, म्हणजे तो फूटभर जागेचा प्रश्न. पत्रातली खरी अडचण हीच आहे, असं मला वाटतं. हद्द नक्की कुठे आहे हे दोरीनं ठरत नाही. आपल्याकडे महसूल खात्याकडून सीमांकन करून घेता येतं, महाराष्ट्रात भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करावा लागतो. कागद हातात येईपर्यंत वादाच्या रेषेवर एकही खुंटी ठोकू नका. पण मुळात कुंपण निर्विवाद आपल्या जागेत, फूटभर आतच घ्या असं मी सुचवेन. त्यात हार नाही. काथ्या बदलायला, वेल छाटायला, तेल लावायला पलीकडची बाजूही लागते. ती जागा आपली असली तर त्यासाठी दरवेळी शेजाऱ्यांची परवानगी मागायला नको. मात्र ज्या दिवशी फक्की टाकाल, त्या दिवशी शेजाऱ्यांना आधी कळवा, आणि ते सासऱ्यांनी कळवावं. आपण किंवा यजमानांनी परस्पर जाऊ नये. घरातल्या वडीलधाऱ्यांचं भांडण सुनेनं मागच्या दारानं मिटवलं, तर ते मिटत नाही आणि त्यांचा मान मात्र जातो. त्यांनी फक्त एवढंच म्हणावं, "रविवारी सकाळी आखणी आहे, येऊन पाहा." शेजारी आले नाहीत तरी सांगितल्याचं राहतं. सासरे तयार झाले नाहीत, तर यंदा नुसता मांडव करा. कुंपण एक वर्ष थांबलं म्हणून काही बिघडत नाही.

कुंपण चार फूट उंच, आडव्या दोन पट्ट्या, उभ्या कामट्या जमिनीपासून दोन बोटं वर. काटेरी तार नको. ती मुलांच्या डोळ्यांच्या उंचीवर येते. जिवंत कुंपण हवं असेल तर मेंदी किंवा अडुळसा लावा. अडुळशाला शेळी तोंड लावत नाही. रोपवाटिकेत स्वस्त म्हणून शेर मिळेल, पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळ्याला गंभीर इजा होते. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या समजून मुलं खातात आणि उलट्या-जुलाबांनी इस्पितळात पोहोचतात. कण्हेर सबंधच विषारी. लहान मुलांच्या घरी ही तिन्ही नकोत.

वेळेचं म्हणाल तर मेमध्ये सकाळी सहा ते नऊ, त्यापुढे नाही. पहिले दोन दिवस आखणी आणि खड्डे, आणि खड्डा ज्या दिवशी खणला त्याच दिवशी भरायचा, हा नियमच करा. आपली भीती तिथेच संपते. चहा ज्याच्या हाताला त्या दिवशी माती लागलेली नाही त्यानं करायचा. पावसाचा पहिला जोर झाला की बिया टोचा. कारल्याची बी रात्रभर भिजवून.

दीड-दोन महिन्यांत फुलं येतील आणि एक तक्रार घेऊन येतील: फुलं खूप, फळ धरत नाही. दोडका, दुधी आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात, कारली-घोसाळ्यांची पहाटे. शहरात संध्याकाळी फुलांवर येणारे पतंग कमी झाले आहेत. तेव्हा शाळेतून आल्यावर मुलांनी नर फूल तोडून मादी फुलाच्या तोंडाशी हलकेच फिरवावं. मादी फूल ओळखायला सोपं, त्याच्या मागे बोटभर कोवळं फळ असतंच. आणि पडवळ वाकडं वाढू लागलं तर टोकाला दोऱ्यानं खडा बांधायचा, हे आपण माहेरी पाहिलंच असेल. सुपारीएवढा खडा पुरे. मोठा बांधला तर देठ तुटतो.