माघारी फिरणाऱ्या वैमानिकाच्या बाजूने

मा. महासंचालक,
नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, नवी दिल्ली यांस,



तापीच्या उत्तर तीरावरील इच्छापोरचा मी एक मराठी रहिवासी. आषाढात हजिऱ्याकडून ढग चालून आले म्हणजे नदीपलीकडे सुरतच्या विमानतळावर उतरू पाहणारे एखादे विमान, चाके खाली सोडलेली असतानाही, एकाएकी गर्जना करीत पुन्हा वर चढते; पाहणारे ‘चुकलं बिचाऱ्याचं’ म्हणून हळहळतात. मला मात्र वाटते, की त्या क्षणीच वैमानिकाच्या विद्येची आणि धैर्याची खरी प्रचीती येते.

१४ सप्टेंबर २०२३ रोजी विशाखापट्टणहून आलेले लिअरजेट ४५ जातीचे खासगी विमान मुंबईच्या २७ क्रमांकाच्या धावपट्टीवर उतरताना घसरले, मोडले आणि पेटले. मुसळधार पाऊस होता, दृश्यमानता ७०० मीटर होती. सहा प्रवासी व दोन वैमानिक असे आठही जण वाचले, हे ईश्वरी कृपेचे फळ. त्या वैमानिकांना दोष देण्याचा मला अधिकार नाही. माझे मागणे निराळे आहे.

मोठ्या कंपनीच्या विमानात प्रवासी आणि वैमानिक यांच्यामध्ये तिकीट, कचेरी आणि शिरस्ता यांची भिंत असते. तरीही २०१० साली मंगळूरला सहवैमानिकाने पुन्हा वर जाण्याचे वारंवार सुचवूनही उतरणे थांबले नाही आणि १५८ माणसे प्राणांस मुकली. मग छोट्या विमानात, जिथे सारे विमान भाड्याने घेणारा गृहस्थ चार हातांवर बसलेला असतो आणि त्याची बैठक, सभा किंवा लग्नाचा मुहूर्त खोळंबलेला असतो, तिथे पगारी माणसाने ‘साहेब, आज इथे उतरणे नाही’ असे म्हणायचे तर त्याच्या पाठीशी कोण उभे राहणार? नियमपुस्तकातील माघारी फिरण्याची मुभा त्या घटकेला फार दूरची वाटते.

सबब अर्ज असा, की भाड्याच्या प्रत्येक विमानाच्या करारनाम्यात एक कलम सक्तीचे करावे: हवामानामुळे विमान दुसरीकडे वळले, तर जादा इंधन, विमानतळशुल्क आणि पुढील मोटारीचा खर्च भाडेकरूने सोसावा आणि वैमानिकाकडे त्याबद्दल खुलासा मागू नये. या कलमावर भाडेकरूची सही त्याने विमानात पाऊल ठेवण्यापूर्वी घ्यावी, आणि ते त्याला वाचता येईल अशा भाषेत, मराठीत, गुजरातीत, छापलेले असावे. येत्या पावसाळ्यापूर्वी हा हुकूम निघावा, ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
इच्छापोरचा एक रहिवासी