फॉरमॅट करण्याआधी थांबा

लग्न, मुंज, बारसं आटोपलं की एक-दोन दिवसांत कुणीतरी कॅमेरा कॉम्प्युटरला जोडतं आणि बऱ्याच घरांत तिथेच घोडं अडतं. कॅमेरा दिसतच नाही. दिसला तर फोल्डर रिकामा असतो. नाहीतर निम्मे फोटो येतात आणि पुढे सगळं ठप्प होतं. मग एक जण केबलला नावं ठेवतो, दुसरा कॉम्प्युटरला, आणि तिसरा वैतागून स्क्रीनवर आलेल्या प्रश्नाला ‘यस’ म्हणून मोकळा होतो. माझं कळकळीचं सांगणं आहे की तो ‘यस’ तेवढा दाबू नका. कॅमेरा आणि कॉम्प्युटर यांचं जमत नाही तेव्हा फोटो बहुतेक वेळा कार्डावर शाबूत असतात. ते जातात नंतर, घाईघाईने केलेल्या उपायांमुळे.

आधी केबल बघा. साध्या यूएसबी केबलमध्ये चार तारा असतात. दोन विजेसाठी आणि दोन माहितीसाठी. स्वस्तातल्या कित्येक चार्जिंग केबलमध्ये माहितीच्या त्या दोन तारा घातलेल्याच नसतात. बाहेरून दोन्ही केबल सारख्याच दिसतात, जोडल्यावर चार्जिंगही सुरू होतं, पण कॉम्प्युटरला कॅमेऱ्याचा पत्ताच लागत नाही. म्हणून ज्या केबलने मोबाइलमधले फोटो कॉम्प्युटरवर येतात, ती बसत असेल तर लावून बघा. जुन्या कॅमेऱ्यांचं पोर्ट बरेचदा मिनी यूएसबी असतं, जुन्या मोबाइलच्या मायक्रोपेक्षा जरा जाड. काही कंपन्यांनी तर स्वतःच्याच आकाराची पिन काढली होती. बसत नसेल तर जोर लावू नका. पोर्ट एकदा आतून हललं की दुरुस्तीचा खर्च नव्या केबलच्या कितीतरी पट होतो. डेस्कटॉप असेल तर पुढच्या पोर्टऐवजी मागचं वापरा, आणि मध्ये हब असेल तर तो काढून टाका.

कॅमेऱ्याकडूनही चुका होतात. बॅटरी पूर्ण भरलेली हवी. फोटो उतरत असताना बॅटरी संपली तर कनेक्शन तुटतं. वीज वाचवण्यासाठी काही मिनिटांनी आपोआप बंद होण्याची सोय असते, ती तेवढ्यापुरती बंद करा. काही कॅमेऱ्यांत वायफाय चालू असेल तर केबलने जोडणी होतच नाही. मेनूमध्ये यूएसबीची सेटिंगही असते. पीटीपी किंवा एमटीपी ठेवलं की कॅमेरा ‘कॅमेरा’ म्हणून दिसतो, मास स्टोरेज ठेवलं की पेनड्राइव्हसारखा दिसतो. एकाने जमलं नाही तर दुसरं करून बघा. मॅक वापरणाऱ्यांनी फाइंडरमध्ये कॅमेरा शोधत बसू नये. पीटीपीवरचा कॅमेरा तिथे येत नाही, त्यासाठी ‘इमेज कॅप्चर’ किंवा ‘फोटोज’ उघडावं लागतं.

एवढं करूनही जमलं नाही तर केबलचा नाद सोडा. खरं तर माझं मत असं आहे की तो पहिल्यापासूनच धरू नये. कॅमेरा बंद करा, कार्डाशेजारचा लुकलुकणारा दिवा विझू द्या, मग कार्ड काढून कार्ड रीडरमध्ये घाला. चांगला रीडर काही शे रुपयांत मिळतो, कॅमेऱ्याची बॅटरी खात नाही आणि बहुधा केबलपेक्षा वेगानेही चालतो. ज्या घरात कॅमेरा आहे त्या घरात रीडर असलाच पाहिजे.

मात्र रीडर कार्डाच्या पिढीला साजेसा हवा, आणि सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. एसडी कार्ड १९९९ साली आलं, ते २ जीबीपर्यंतचं. २००६ साली एसडीएचसी आलं, ३२ जीबीपर्यंत. २००९ साली एसडीएक्ससी आलं, ३२ जीबीच्या पुढचं. तिन्हींचा आकार एकच, त्यामुळे नवं कार्ड जुन्या रीडरमध्ये खुशाल बसतं. पण जुन्या रीडरला ते वाचता येत नाही. काही वेळा तो गप्प बसतो, आणि काही वेळा विंडोजमध्ये मेसेज येतो की ही डिस्क वापरण्याआधी फॉरमॅट करावी लागेल, करायची का? वाचणाऱ्याला वाटतं, कार्ड खराब झालं, आता हाच उपाय. कार्ड ठणठणीत असतं, फक्त त्या यंत्राला ते कळलेलं नसतं.

आमच्या शेजारच्या काकूंवर नातवाच्या बारशानंतर हीच वेळ आली होती. कार्ड ६४ जीबीचं, लॅपटॉप बराच जुना. मेसेज बघून त्यांच्या तोंडचं पाणी पळालं, पण त्यांनी शहाणपणा केला आणि ‘कॅन्सल’ दाबून हाक मारली. मी म्हटलं, “काकू, कार्ड आधी परत कॅमेऱ्यात घाला बघू.” कॅमेऱ्याच्या छोट्या स्क्रीनवर एकेक फोटो येऊ लागला. पाळण्यावर वाकून बाळाच्या कानात कुर्रर्र करणारी आत्या, मागे घुगऱ्यांची परात, सगळं जिथल्या तिथे. नवा रीडर आणला आणि त्याच संध्याकाळी फोटो उतरले. म्हणून हे लक्षात ठेवाच: कॉम्प्युटर फॉरमॅट मागतो तेव्हा कार्ड कॅमेऱ्यात घालून बघायचं. तिथे फोटो दिसले तर दोष कार्डाचा नाही. दुसरा रीडर किंवा दुसरा कॉम्प्युटर शोधा.

विंडोज आणखी एक प्रेमळ दिसणारा प्रस्ताव ठेवतं, ‘स्कॅन अँड फिक्स’. तोही आधी नको. दुरुस्तीच्या नादात फाइलींचे तुकडे वेगळ्याच नावांनी साठवले जाऊ शकतात. आधी जे वाचता येतंय ते उतरवून घ्या, दुरुस्ती मग.

कार्ड हातात आहे तोवर त्याची डावी कड नीट बघा. नाव छापलेली बाजू आपल्याकडे आणि कापलेला कोपरा वर उजवीकडे धरला, की डाव्या कडेला नखाएवढीही नसलेली एक सरकपट्टी दिसते. वर असली की कार्ड उघडं, खाली ओढली की लॉक. पट्टी सैल झाली असेल तर कार्ड आत सरकवताना ती आपसूक खाली येते आणि कॅमेरा कुरकुरायला लागतो. मायक्रो एसडीच्या अडॅप्टरवर तर हे फारच होतं. तिथे अडॅप्टर बदलला की काम झालं.

या पट्टीचा एक उपयोग फार थोडे लोक करतात. प्रिंट काढायला कार्ड फोटो लॅबमध्ये किंवा झेरॉक्सच्या दुकानात देताना ते लॉक करून द्या. तिथल्या कॉम्प्युटरमध्ये दिवसभर दहा ठिकाणचे पेनड्राइव्ह घातले जातात. लॉक केलेल्या कार्डावर बहुतेक रीडर काही लिहू देत नाहीत, म्हणजे व्हायरसही सहसा येत नाही. न जपल्यास काय होतं ते अनेकांनी अनुभवलं असेल: कार्ड घरी आणून लावावं, तर फोल्डर गायब आणि त्या जागी नुसते शॉर्टकट. इथेही घाबरू नका. कार्डाच्या प्रॉपर्टीजमध्ये किती जागा व्यापली आहे ते बघा. फोल्डर रिकामा दिसतोय पण जागा भरलेली आहे, याचा अर्थ फोटो लपवले गेलेत. शॉर्टकटवर क्लिक न करता एक्स्प्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये जाऊन लपलेल्या फाइली दाखवायला सांगा, फोटो तेवढे कॉपी करून घ्या आणि कॉम्प्युटर अँटिव्हायरसने तपासा.

“निम्मेच फोटो आले” ही तक्रार बरेचदा फोल्डरांमुळे येते. कॅमेरा फोटो डीसीआयएम नावाच्या फोल्डरात ठेवतो आणि त्याच्या पोटात १००, १०१ अशा आकड्यांनी सुरू होणारे आणखी फोल्डर करतो. लोक पहिला उघडतात, तेवढेच उचलतात आणि बाकीचे गेले म्हणून हळहळतात. पूर्ण डीसीआयएम उचला. चित्रफिती तिथे नसतील तर कार्डावरचे बाकीचे फोल्डरही बघा. सोनीच्या अनेक कॅमेऱ्यांत व्हिडिओ ‘प्रायव्हेट’ नावाच्या फोल्डरात असतात. आणि खिशात मावणाऱ्या अनेक छोट्या कॅमेऱ्यांत थोडी आतली मेमरीही असते. कार्ड नसताना काढलेले फोटो तिथे राहतात आणि रीडरला ते कधीच दिसणार नाहीत. तेवढ्यासाठी मात्र केबल लागतेच.

फाइल आली पण उघडत नाही, आणि नावाच्या शेवटी सीआर२, एनईएफ किंवा एआरडब्ल्यू आहे, तर ते रॉ फोटो आहेत. ते बिघडलेले नाहीत. कॅमेरा कंपनीचं मोफत सॉफ्टवेअर घेतलं की उघडतात. कचरा समजून ते पुसणारे लोक मी पाहिले आहेत, आणि फार वाईट वाटलं.

फोटो उतरवताना ‘कट’ कधीही करू नका, ‘कॉपी’ करा. मध्येच वीज गेली, लॅपटॉप झोपी गेला किंवा रीडरला धक्का लागला तरी मूळ फोटो कार्डावर राहिले पाहिजेत. प्रत्येक प्रसंगाला वेगळा फोल्डर करा आणि त्याच्या नावात तारीख घाला. याचं कारण व्यवस्थितपणापेक्षा मोठं आहे. कॅमेऱ्याचे आकडे ९९९९ नंतर पुन्हा ०००१ पासून सुरू होतात, कार्ड बदललं की काही कॅमेऱ्यांत तेव्हाही. गेल्या वर्षीच्या गणपतीचा फोटो आणि यंदाच्या मुंजीचा फोटो एकाच नावाचे निघतात. दोन्ही एकाच फोल्डरात टाकताना कॉम्प्युटर विचारतो, रिप्लेस करू का? हो म्हटलंत की जुना फोटो गेला, आणि तो गेल्याचं कळतं कित्येक महिन्यांनी.

कॉपी झाली की फोटोंची संख्या आणि एकूण साइज दोन्हीकडे जुळवा. शेवटचे काही फोटो उघडून बघा, नुसत्या छोट्या चित्रांवर विश्वास ठेवू नका. त्यानंतर दुसरी प्रत बाहेरच्या हार्ड डिस्कवर करा. कार्ड पुसायचं ते या सगळ्यानंतर, आणि तेही कॅमेऱ्याच्या मेनूतून फॉरमॅट करून. कुटुंबाच्या ग्रुपवर व्हॉट्सअपने टाकलेले फोटो ही प्रत मानू नका. तिथे नेहमीसारखा फोटो पाठवला की तो आकसतो आणि तो कधी काढला याची आतली नोंदही निघून जाते.

आता समजा, व्हायचं ते झालंच. कुणीतरी फोटो पुसले किंवा कार्ड फॉरमॅट केलं. तरी आशा सोडू नका. पुसणं म्हणजे सातबाऱ्यावरून नाव काढण्यासारखं आहे. जमीन तिथेच असते, दुसरा कुणी येऊन बांधकाम करेपर्यंत. म्हणून पहिली गोष्ट, त्या कार्डावर एकही नवा फोटो काढू नका. कॅमेऱ्यातून काढून बाजूला ठेवा. क्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच प्रोग्रामरने बनवलेलं ‘फोटोरेक’ मोफत मिळतं आणि विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालतं. दिसायला रुक्ष आहे, फोटोंची मूळ नावंही परत देत नाही, पण कामाचं आहे. सापडलेले फोटो त्याच कार्डावर साठवायचे नाहीत, कॉम्प्युटरवर वेगळा फोल्डर करून तिथे घ्यायचे. घरात हे जमणारं कुणी नसेल तर जाणत्या भाच्याला किंवा भाचीला बोलवा, पण तोवर “बघू या काय होतंय” म्हणून काही दाबू नका. आणि कार्ड मोडलंय, तापतंय किंवा कुठल्याच यंत्रात दिसत नाही, तर घरगुती प्रयोग थांबवून डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे जा. खर्च आधी विचारून घ्या.

शेवटची विनंती ज्यांच्या कपाटात जुना डिजिटल कॅमेरा पडून आहे त्यांना. ऑलिम्पस आणि फुजीच्या २००२ नंतरच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत एक्सडी कार्ड असायचं, सोनीच्या कॅमेऱ्यांत मेमरी स्टिक. आजच्या लॅपटॉपमध्ये त्यांची खाच नसते आणि त्यांचे रीडर दुकानात सहजी मिळत नाहीत. वर्षानुवर्षं न वापरलेल्या कार्डातला विद्युतभारही हळूहळू कमी होत जातो. तेव्हा येत्या रविवारी तो कॅमेरा बाहेर काढा, चार्जर आणि केबल शोधा, बॅटरी भरा आणि आतले फोटो उतरवून दोन ठिकाणी ठेवा. चार्जर सापडत नसेल तर ओळखीच्या फोटो स्टुडिओत विचारा. जुनी कार्डं वाचणारे रीडर अजून काही स्टुडिओवाल्यांनी जपून ठेवलेले आहेत.