वाढत्या अंगाची गिटार

परवा भाचेसुनेचा फोन आला. तिचा मुलगा आठ वर्षांचा आहे, गिटार शिकायची म्हणून मागे लागलाय. "मावशी, दिवाळीला मोठीच घेऊन टाकतो. वाढत्या अंगाचा आहे, दोन वर्षांनी पुन्हा खर्च नको," ती म्हणाली.

वाढत्या अंगाचा! या शब्दांवर आपण पिढ्यान् पिढ्या मुलांना ढगळ गणवेश घातले. मीही घातले. शर्टाचं ठीक आहे हो, बाही दुमडता येते. गिटारीची मान कुठून दुमडणार?

मंडळी, पूर्ण मापाच्या गिटारीत तारेची वाजती लांबी साधारण 65 सेंटिमीटर असते. पाऊण मापाच्या गिटारीत ती 58 च्या आसपास येते, अर्ध्या मापात आणखी कमी. सात सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असं आपल्याला वाटतं. आठ वर्षांच्या पंजाला विचारा. दुकानात सर्रास दिसणाऱ्या त्या रुंद पोटाच्या गिटारीला 'ड्रेडनॉट' म्हणतात. अमेरिकेत 1916 च्या सुमारास ही घडण निघाली आणि तिला चक्क ब्रिटिश युद्धनौकेचं नाव दिलं. ते आपण पोरांच्या मांडीवर ठेवतो!

तारांचंही तेच. सहा पोलादी तारांचा मिळून ताण सत्तर किलोच्या घरात जातो, नायलॉनच्या तारांचा जवळपास निम्मा. म्हणून लहान बोटांना सुरुवातीला नायलॉन बरी. (मात्र नायलॉनच्या गिटारीवर हौसेनं पोलादी तारा चढवू नका, तो ताण तिला सोसत नाही.)

हे मी ऐकीव सांगत नाहीये. माझ्या नातवाला सातव्या वर्षी आम्ही अशीच मोठी, पोलादी तारांची गिटार आणली. बर्डीवर दुकानातल्या मुलानं ती झकास वाजवून दाखवली आणि आम्ही भुललो. घरी नातू वाजवायला बसला की उजवा खांदा कानाला टेकायचा आणि डावा हात ताठ व्हायचा. तारेतून सूर निघायचा नाही, खरखर निघायची. बोटांच्या टोकांवर लाल चरे. तीन महिन्यांनी एकदा जेवताना म्हणाला, "आजी, माझे हातच लहान आहेत."

मी म्हटलं, "हात लहान नसतात रे, कारणं मोठी असतात."

सगळे हसले. तोही हसला. त्यानंतर गिटार कपाटावर गेली ती गेलीच. आणि मी येईल-जाईल त्याला सांगत सुटले, हल्लीच्या मुलांना चिकाटी नाही. चौतीस वर्षं मुलं शिकवलेली बाई मी! पुढे काही वर्षांनी एका नातेवाइकांकडे पाऊण मापाची नायलॉनची गिटार दिसली. सहज तार दाबून पाहिली. माझ्या संधिवाताच्या बोटानंही दाबली गेली, सूर स्वच्छ निघाला. घरी येऊन स्टुलावर चढले, आमची खाली काढली आणि तिची तार दाबून पाहिली. नाही दाबली गेली. इतक्या वर्षांत मी तिला एकदाही हात लावून पाहिला नव्हता.

कुणी म्हणेल, आपण नाही का वडिलांच्या सायकलीवर कैची मारत शिकलो? शिकलो ना. पण कैचीनं सायकल पुढे जायची, शाळेपर्यंत पोचवायची. गिटारीला कैची नसते. तार पुरती दाबली तर सूर, नाही तर ठक्क.

दुसरा युक्तिवाद याहून वाईट: "आधी मिळेल ती स्वस्तातली घेऊ, टिकला तर चांगली घेऊ." स्वस्त गिटार चांगलीही असते, किमतीशी माझं भांडण नाही. पण जिच्या तारा मानेपासून बोटभर उंच आहेत, अशी देऊन मुलगा टिकतो का बघणं म्हणजे न उमटणारं पेन देऊन अक्षर तपासणं. नापास गिटार होते, शिक्का पोरावर बसतो.

तेव्हा दुकानात वाजवून दाखवणाऱ्याकडे बघूच नका. मुलाला खुर्चीवर बसवा. खांदा न उचलता उजवा हात गिटारीवरून पलीकडे जातो का? डावं कोपर थोडं वाकलेलं ठेवून बोटं पहिल्या पडद्यापर्यंत पोचतात का? (सतारीचा शब्द वापरते, गिटारवाले फ्रेट म्हणतात.) तिथे त्यालाच तार दाबू द्या आणि ऐका. बाराव्या पडद्यापाशी तार चार मिलिमीटरहून बरीच वर असेल तर ती खाली करून मागा, नाहीतर दुसरी बघा.

आणि आपल्या नागपूरची एक गोष्ट. मे महिन्यातलं 45 अंशांचं कोरडं ऊन आणि घरात डेझर्ट कूलरचा ओला वारा, या दोन्हींत लाकूड आकसतं, फुगतं, कधी मानच वाकते. कूलरसमोर गिटार ठेवू नका. चारचाकीत तर मुळीच नाही.

लहान माप दोन-तीन वर्षांत अपुरं पडेल, हे खरं. पडू दे. धाकट्या भावंडाला जाईल, शेजारी जाईल. सायकली नाही का गेल्या?

भाचेसुनेला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "पण मावशी, त्याला सरप्राइज द्यायचं होतं." म्हटलं, सरप्राइज म्हणून फटाके दे. रविवारी बर्डीवर जाताना त्याला बरोबर घे, आणि येताना मलाही घे. तार मी पण दाबून बघणार आहे.