आईच्या मुंग्या आणि आमचा वायरमन

घर दुरुस्तीला काढलं की माणसाला दोन-तीन महिने दुसरं काही सुचत नाही. आमच्याकडे हे प्रकरण २०२३ च्या पावसाळ्यानंतर सुरू झालं. १९८८ सालची इमारत, दुसरा मजला, बाबांनी पै-पै जमवून घेतलेला फ्लॅट. फरशी उखडलेली, ओट्याचा कडप्पा तडकलेला, आणि भिंतीवर कुठे लाकडी पट्टीवरचं जुनं वायरिंग तर कुठे नंतर ठोकलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या. बायको म्हणाली, आता एकदाच काय ते करून टाकू. म्हटलं, करू.

फरशीसाठी आम्ही किती दुकानं फिरलो असू? सात तरी. टाईल्सची एक छटा ठरवायला तीन रविवार गेले. आणि वायरिंगसाठी? एका ओळखीच्यांना फोन केला, त्यांनी एक नंबर दिला, तो माणूस आला, घरभर फिरला, पॉइंट मोजले, एका कागदावर आकडा लिहिला आणि गेला. दहा मिनिटं. मला वाटतं, आपल्यापैकी बहुतेकांच्या घरचं वायरिंग असंच ठरतं.

दुसरा आला तो साठीकडे झुकलेला, खिशात टेस्टर, हातात जुनी कॅनव्हासची पिशवी. मी त्यांना काका म्हणायला लागलो. काकांनी पॉइंट मोजलेच नाहीत आधी. सोफ्यावर टेकले, पाणी प्यायले आणि आईला विचारलं, "आई, घरात कुठं काही त्रास आहे का लाईटचा?"

आई म्हणाली, "लाईटचा नाही हो. पण बाथरूममधला नळ धरला की हाताला मुंग्या येतात."

हे आम्ही सगळ्यांनी आधी ऐकलेलं होतं. मी तर चांगलं सहा महिने ऐकत होतो. "अगं, वय झालं की येतात मुंग्या" असं म्हणून झालं होतं. डॉक्टरकडे नेऊन आणलं होतं. बी-१२ च्या गोळ्या चालू होत्या! नळ धरल्यावरच मुंग्या का येतात, पोळ्या लाटताना का नाही, हा प्रश्न घरातल्या एकाही शिकल्या-सवरलेल्या माणसाला पडला नाही. मी स्वतः विज्ञान शाखेचा पदवीधर. असो.

काका काही न बोलता उठले, बाथरूममध्ये गेले, गिझर चालू केला आणि नळाला टेस्टर लावला. टेस्टरमधला दिवा पेटला. मग पिशवीतून मीटर काढून खात्री केली. बाहेर आले, गिझरचं बटण बंद केलं, प्लग काढून हातात दिला आणि म्हणाले, "साहेब, आज हा लावू नका. आई बाथरूममध्ये चप्पल घालतात का?"

घालते. फरशीवरून घसरायची भीती वाटते म्हणून रबरी स्लीपर घालते. त्या स्लीपरांनीच आमची लाज राखली, एवढं सांगितलं की पुरे.

मग उलगडा झाला तो असा. गिझरमधलं कॉइल खराब होऊन करंट बाहेरच्या पत्र्याला लागत होता. हे कुठल्याही जुन्या गिझरचं होऊ शकतं, आणि ते होणारच असं गृहीत धरून तीन पिनांच्या प्लगातली वरची जाड, लांब पिन दिलेली असते. ती अर्थची. लांब अशासाठी, की प्लग घालताना ती सगळ्यात आधी टेकावी आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावी. पत्र्याला आलेला करंट त्या वाटेने जमिनीत जातो. आमच्या सॉकेटमध्ये त्या पिनेला भोक होतं, पण भोकाच्या मागे वायरच नव्हती. काकांनी बॉक्स उघडून दाखवलं. फेजची लाल, न्यूट्रलची काळी, बस्स. हिरवी नाहीच. नुसती शोभेची तिसरी पिन! पूर्वी लोखंडी पाईप होते, त्यातून तो करंट कसाबसा जमिनीत उतरत असणार. मधे प्लंबिंग बदललं, प्लास्टिकचे पाईप आले आणि तीही वाट बंद झाली. गिझरपासून नळापर्यंतचा तुकडा तेवढा लोखंडी राहिला.

आता कुणी म्हणेल, ठीक आहे, जुन्या वायरमनने फसवलं. मीही तेच म्हणालो, अगदी तावातावाने. काकांनी शांतपणे मुख्य बोर्ड उघडला आणि विचारलं, "आणि हे कोणी केलं?"

ते मी केलं होतं.

२०११ साली वॉशिंग मशीन घेतलं तेव्हा चिनी मातीचे जुने फ्यूज काढून आम्ही नवा बोर्ड बसवला होता. त्यात एमसीबी होते आणि एक ईएलसीबीही होता. त्या पावसाळ्यात तो ईएलसीबी सारखा पडायला लागला. दिवसातून चार वेळा सगळं घर अंधारात. एकदा तर बाबा क्रिकेटची मॅच बघत असताना, शेवटच्या ओव्हरला पडला. मी वैतागून त्या वेळच्या वायरमनला सांगितलं, "काहीतरी करा, नाहीतर काढून टाका ते." त्याने बिचाऱ्याने एकदा सांगून पाहिलं की कुठेतरी लीकेज आहे, शोधावं लागेल, दिवस जाईल. मी म्हटलं, दिवस घालवायचा नाही. मग त्याने पाच मिनिटांत वायर डायरेक्ट करून दिली. वर मी त्याला पन्नास रुपये जास्त दिले, काम झटपट केलं म्हणून!

लीकेज बाल्कनीतल्या सॉकेटमध्ये होतं, पावसाचं पाणी जात होतं. ते यंत्र नेमकं तेच ओरडून सांगत होतं. मी त्याचं तोंड बंद केलं आणि बारा वर्षं शांतपणे झोपलो.

एमसीबी आणि ईएलसीबी यातला फरक मलाही तोवर नीट माहीत नव्हता, म्हणून सांगतो. एमसीबी वायरीचं रक्षण करतो. वायरीतून तिच्या कुवतीपेक्षा जास्त करंट जायला लागला किंवा शॉर्ट सर्किट झालं की तो पडतो. माणसाला शॉक बसतो तेव्हा त्याच्या अंगातून जाणारा करंट एमसीबीच्या हिशेबी किस झाड की पत्ती. सोळा अँपिअरचा एमसीबी तुमच्या मरणाची दखलसुद्धा घेणार नाही. ईएलसीबी, ज्याला आता आरसीसीबी म्हणतात, तो मात्र जाणारा आणि परत येणारा करंट सतत ताडून बघतो. हिशेब जुळला नाही, म्हणजे मधेच कुठेतरी तो जमिनीत जातोय, कदाचित कुणाच्या तरी अंगातून. घरासाठीचा आरसीसीबी ३० मिलीअँपिअरचा असतो. म्हणजे एका अँपिअरच्या हजार भागांपैकी तीस भागांची चोरी झाली की क्षणाच्या एका अंशात तो पुरवठा तोडतो. फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकदम धरले तर त्यालाही कळणार नाही, पण अशी वेळ क्वचित.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अपघाती मृत्यूंच्या अहवालात विजेच्या धक्क्याने गेलेल्यांचा आकडा अलीकडच्या वर्षांत दर वर्षी १०,००० च्या वर आहे. त्यात शेतातल्या मोटारी आल्या, रस्त्यावरच्या तुटलेल्या तारा आल्या, आणि घरंही आली. त्या आकड्यात माझ्या आईची भर पडता पडता राहिली, आणि त्याला जबाबदार मीच ठरलो असतो.

म्हणूनच "हल्ली चांगले वायरमन मिळत नाहीत" असं कुणी म्हणालं की मला गप्प बसवत नाही. मिळतात हो. पण आपण त्यांना काम कसं देतो ते बघा. पॉइंटमागे भाव ठरवतो आणि त्यावर घासाघीस करतो. पॉइंटच्या भावात जास्त पॉइंट काढणाऱ्याचा फायदा आहे. अर्थची वायर पार बोर्डापर्यंत ओढणाऱ्याचा, गिझर, एसी आणि किचनला वेगवेगळी लाईन देणाऱ्याचा तोटाच आहे. भिंतीत गेलेली वायर दिसत नाही, दिसतो तो स्विच. मग आपण भारीतल्या स्विचची प्लेट निवडतो आणि मागे कुठली वायर गेली ते विचारत नाही.

परवान्याचंही तसंच. महाराष्ट्रात हे काम करायला परवाना लागतो. आयटीआयमध्ये वीजतंत्री आणि तारतंत्री असे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम आहेत. नवीन मीटर घेताना परवानाधारक ठेकेदाराचा टेस्ट रिपोर्ट द्यावा लागतो. पण मीटर चालू असलेल्या घरात सगळं वायरिंग बदललं तरी बघायला कोण येतं? आणि आपण तरी कधी विचारतो का? रिक्षावाल्याकडे बिल्ला आहे का बघणारे आपण, घरभर २३० व्होल्ट खेळवणाऱ्याला मात्र काही विचारायला लाजतो. काकांना मी आयुष्यात पहिल्यांदा हा प्रश्न विचारला. त्यांना राग आला नाही. पिशवीतून लॅमिनेट केलेला कागद काढला आणि म्हणाले, "तीस वर्षांत विचारणारे तुम्ही चौथे की पाचवे."

त्यांचा आकडा पहिल्यापेक्षा २५,००० रुपयांनी जास्त होता. हे पैसे आम्ही हॉलमधल्या फॉल्स सीलिंगमधून काढले. इंटिरियरवाल्याने तिथे चौदा स्पॉटलाईट आणि कडेने निळी-जांभळी पट्टी दाखवली होती. काकांनी ते चित्र बघितलं आणि एवढंच विचारलं, "आई पेपर कुठं वाचतात?" चौदाच्या चौदा दिव्यांपैकी एकही आईच्या खुर्चीवर नव्हता!

मग त्यांनी जे केलं ते मला फार आवडलं. खडू घेऊन ते आईच्या मागे घरभर फिरले. तिला ओट्यापाशी उभं केलं, भाजी चिरल्यासारखं करायला सांगितलं. छताच्या मधोमध ट्यूब, आई ओट्याकडे तोंड करून, म्हणजे तिचीच सावली विळीवर. पस्तीस वर्षं ती स्वतःच्या सावलीत भाजी चिरत होती. मग वरच्या कपाटाखाली खडूची खूण झाली. देवघराशी एक. पलंगावरून हात पोचेल असा एक, टू-वे, म्हणजे रात्री उठताना इथून लावायचा आणि दारापाशी बंद करायचा. पॅसेजमध्ये गुडघ्याच्या उंचीवर एक लहान दिवा, डोळ्यांवर न येणारा. वय वाढतं तशी डोळ्याची बाहुली लहान होते, भिंग पिवळसर होतं, त्यामुळे आपल्याला लख्ख वाटणारी खोली म्हाताऱ्या माणसाला अंधारी वाटते, हे मी नंतर वाचलं. काकांना ते न वाचता माहीत होतं. झोपायच्या खोलीत पिवळसर प्रकाश, किचनमध्ये पांढरा. पूर्वीच्या साठच्या बल्बएवढा उजेड आता नऊ वॉटचा एलईडी देतो, तेव्हा उजेडात काटकसर करायचं काही कारणच उरलेलं नाही. काटकसर करायची तर पट्ट्यांमध्ये करावी.

दिव्यांना दीड स्क्वेअर एमएमची वायर, सोळा अँपिअरच्या पॉइंटना अडीचची, गिझर आणि एसीला चारची. प्रत्येक बॉक्समध्ये हिरवी वायर. प्रत्येक स्विच फेजवर. स्विच न्यूट्रलवर असला तर दिवा बंद होतो, पण होल्डर जिवंतच राहतो. झिऱ्या बुजवायच्या आधी काकांनीच मला सांगितलं, "मोबाईलवर सगळ्या भिंतींचे फोटो काढून ठेवा. उद्या कोणी खिळा ठोकायला आला तर त्याला दाखवा." हजारो रुपयांच्या इंटिरियरच्या कागदांत हा एक सल्ला कुणी दिला नव्हता.

शेवटचा वाद झाला तो आरसीसीबीवरून. मी म्हटलं, पुन्हा पावसाळ्यात पडायला लागला तर? काका म्हणाले, "पडला तर मला फोन करा. पण डायरेक्ट करायला सांगू नका, मी करणार नाही. दुसऱ्याकडून करून घेतलात तर मला कळवू नका." ग्राहकाला असं बोलणारा माणूस दुर्मीळ खरा. पण त्याला तसं बोलता यावं एवढे पैसे आणि एवढा मान आपणच द्यायला हवा, असं मला वाटतं. स्वस्तातलं आणि झटपट हवं असणाऱ्याला "नाही" म्हणणं गरिबाला परवडत नाही. २०११ सालच्या त्या पोराला ते परवडलं नाही.

आरसीसीबीवर एक छोटं टेस्टचं बटण असतं. महिन्यातून एकदा दाबून बघायचं, तो पडला म्हणजे ठीक आहे. मी अर्थातच विसरतो. ते काम आईने घेतलंय. दर संकष्टीला, देवापुढे दिवा लावला की ती स्टुलावर न चढता हात पोचेल अशा उंचीवर काकांनी मुद्दाम बसवलेल्या बोर्डापाशी जाते आणि बटण दाबते. खट्! सगळं घर अंधारात, नेट बंद, आतून मुलाची बोंब. आई शांतपणे खटका वर करते.

बी-१२ च्या गोळ्या डॉक्टरांना विचारून बंद केल्या. मुंग्या नाहीत.

तुमच्या घरात तो ईएलसीबी नक्की चालू आहे ना? आणि घरातलं कुणी म्हातारं माणूस कशाबद्दल तरी तक्रार करत असेल, तर ते वयावर ढकलायच्या आधी एकदा टेस्टर लावून बघा.