वादळ सूर्यावर, काळजी पृथ्वीवर

बँकेत नवा होतो, तेव्हा शाखेतली वीज गेली की आम्ही मेणबत्तीच्या उजेडात खतावणी पुरी करत असू. हिशेब अडत नसे. आता वीज आणि उपग्रह यांच्यावाचून साधे शंभर रुपयेही इकडचे तिकडे होत नाहीत. त्यामुळे १० मे २०२४ च्या रात्री लडाखमधल्या हानलेचं आकाश लालसर झालं, त्याची छायाचित्रं पाहून घरातली मंडळी हरखली, पण माझ्यातला जुना अधिकारी अस्वस्थ झाला.

ती लाली सूर्यावरच्या वादळाची होती. सूर्य हा प्लाझ्माचा, म्हणजे विद्युतभारित तप्त वायूचा गोळा. हा प्लाझ्मा आपल्याबरोबर चुंबकीय रेषाही ओढत नेतो. सूर्याचा मधला पट्टा सुमारे २५ दिवसांत एक फेरी घेतो, तर ध्रुवांकडच्या भागाला सुमारे ३५ दिवस लागतात. या ओढाताणीत रेषांना पीळ बसतो आणि त्यांचे दोर पृष्ठभागाबाहेर येतात. तिथेच सौरडाग दिसतात. वरच्या चुंबकीय कमानी या दोरांना दाबून धरतात. ही पकड सुटली आणि रेषा तुटून नव्यानं जोडल्या गेल्या, की साठलेली ऊर्जा मोकळी होते. अब्जावधी टन प्लाझ्मा अवकाशात फेकला जातो आणि तो पृथ्वीच्या दिशेनं निघाला, तर एक ते तीन दिवसांत इथे पोचतो.

खरी मेख पुढे आहे. या ढगातलं चुंबकीय क्षेत्र दक्षिणेकडे वळलेलं असेल, तर ते पृथ्वीच्या क्षेत्राशी जोडलं जातं आणि आपल्या कवचाला वाट पडते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातल्या क्वेबेक प्रांताचं वीजजाळं असंच दीड मिनिटात कोसळलं. सुमारे साठ लाख लोकांची वीज नऊ तास गेली होती.

ही दिशा आधी नेमकी सांगता येत नाही. पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरच्या यानांवरून ढग गेला, की ती कळते. मग हाती उरतो जेमतेम अर्धा-पाऊण तास. जानेवारी २०२४ पासून तिथे आपलं 'आदित्य-एल१' पहारा देतं आहे. त्यावरची एक दुर्बीण पुण्याच्या 'आयुका'नं साकारली. १८५९ च्या महावादळाची नोंद मुंबईच्या कुलाबा वेधशाळेनं केली होती. म्हणजे हा वसा आपल्याकडे जुनाच.

पण सूचना मिळाल्यावर त्या अर्ध्या तासात वीजकेंद्रात, विमानतळावर, बँकेत कोणी काय करायचं? आमच्या शाखेत वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असत. आग कधी लागली नाही. तरी कोणती बादली कोणी उचलायची, हे शिपायापासून साहेबांपर्यंत सगळ्यांना पाठ होतं.